न तपासलेली पहिली ओळ

प्रथम हे नमूद करतो की, या हकिगतीत कोणीही मनुष्य मरत नाही. वाचकाने निश्चिंत चित्ताने पुढे वाचावे.

मी दिगंबर मारुती शेवाळे, राहणार विटा, शिक्षण नववी. पुढील शिक्षण नगर वाचनालयातील ग्रंथांवर झाले. उमेदीच्या काळात मी दुकानांच्या पाट्या रंगवीत असे. पाट्या जाऊन फ्लेक्स आले, तेव्हा फ्लेक्सचा मजकूर जुळवू लागलो. पुढे सर्वच काही मोबाइलच्या पडद्यावर गेले, तेव्हा 'आद्याक्षर' या कंपनीच्या सांगली शाखेत पंक्तिलेखक म्हणून रुजू झालो. समाजमाध्यमांवर जो मजकूर प्रसिद्ध होतो, त्याची केवळ पहिली ओळ लिहावयाची, असे हे काम आहे. खालचा मजकूर दुसरे लोक लिहितात. तो वाचला गेला नाही तरी चालते. पहिली ओळ वाचली गेली पाहिजे.

या व्यवसायामागील शास्त्र थोडक्यात सांगतो. मनुष्य पडद्यावरील मजकूर अंगठ्याने वर सरकवीत असतो आणि एकेका मजकुरास फार तर दीड सेकंद देतो. एखादी ओळ मनास लागली, तर अंगठा थांबण्याच्याही आधी त्याच्या डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. ही क्रिया इच्छेच्या अधीन नाही. बाहुली अंधारात रुंदावते, तशीच ती भयाने, मायेने आणि स्वतःचे नाव दिसल्यानेही रुंदावते. नव्या मोबाइलचा पुढील कॅमेरा हा फरक केसाच्या जाडीइतका असला तरी टिपतो. 'आद्याक्षर'च्या यंत्राने कोट्यवधी बाहुल्या मोजून, कोणता मनुष्य कोणत्या शब्दांनी किती अडकतो, याचे नकाशे तयार केले. त्यामुळे एकच जाहिरात शंभर माणसांस शंभर निरनिराळ्या पहिल्या ओळींनी दिसते. मनुष्य किती अडकला, हे शून्य ते शंभर अशा अंकात सांगतात. त्यास आम्ही अडकणांक म्हणतो.

यंत्र ओळी फिरवते, त्यांत माणसाचे नाव घालते, गावानुसार बोली बदलते. परंतु मूळ बी त्यास माणसानेच द्यावे लागते, कारण चुलीपुढे आणि ओट्यावर जे बोलले जाते, ते त्याच्या संग्रहात नसते. अशा मूळ ओळींना शाखेत 'वाण' म्हणत. प्रत्येक लेखकाच्या मोबाइलवर 'कसोटी' नावाची सोय होती. तीवर ओळ लिहिली की तिचा अंदाजे अंक तत्काळ उमटे, आणि लिहिलेली ओळ आपोआप कंपनीच्या संग्रहात जमा होई. करारात हे स्वच्छ लिहिले होते आणि मी सही करण्यापूर्वी ते वाचले होते. अकरा वर्षांत मी एकही ओळ न तपासता कोणास पाठविली नाही. शेजारच्या सुताराच्या मुलीला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, त्याही तपासून. एकोणसत्तर आले होते.

माझे सर्वोत्तम वाण माझे नव्हते. ते आईचे होते.

आमची आई यशोदा. चौथी शिकलेली, अक्षर मात्र मोत्यासारखे. आम्ही दोघे भावंडे, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी हेमा, खेळत असू तेव्हा आई साध्या कामासाठी नुसते नाव घेऊन हाक मारी. परंतु खरोखरच काही घडले असेल तर ती एकच वाक्य बोले, "हातातलं टाक आणि ये." वडील यंत्रमागावर पडले तेव्हा ती असेच म्हणाली. आजोबा गेले तेव्हाही. हे वाक्य कानी आल्यावर पुढे काही विचारावयाचे नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता होता.

एके दिवशी शाखेत वाणांची चणचण असता मी हे वाक्य कसोटीवर लिहिले. एक्क्याण्णव. शाखेत तोवर इतका अंक कोणासही मिळाला नव्हता. शाखाप्रमुख पाध्ये यांनी शाल व श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. तो नारळ आईनेच फोडला आणि त्याच्या वड्या केल्या. सत्कार कशाबद्दल झाला, हे तिने विचारले नाही व मी सांगितले नाही.

हेमा तिरुपूर येथे एका होजिअरी कारखान्यात कापड तपासनीस आहे. तिने लग्न केले नाही. वाण दिल्यानंतर तीन महिन्यांनी, एका दुपारी, ती कारखान्याचा एप्रन अंगात आणि भिंग गळ्यात, अशी थेट विट्याच्या दारात उभी राहिली. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

आईने विचारले, "अगं, न कळवता? सुट्टी बिट्टी मिळाली का काय?"

 हेमा आईला आपादमस्तक पाहत राहिली, मग ओट्यावर बसली आणि मोबाइल माझ्या हाती दिला. पडद्यावर ओळ होती, 'हेमे, हातातलं टाक आणि ये.' तिच्याखाली 'पुढे वाचा' असे बारीक अक्षरांत होते. तिने शिरस्त्याप्रमाणे पुढे वाचलेच नव्हते. पुढे गाद्यांच्या महोत्सवाची जाहिरात होती.

या क्षणी मी जे बोललो, ते लपवीत नाही. मी म्हणालो, "एक्क्याण्णव आहे याला. शाखेत सर्वांत जास्त."

हेमाने तांदळाचे ताट आपल्याकडे ओढले. मग म्हणाली, "आईची हाक तू गाद्या विकायला दिलीस, दादा."

मी करार, वाण, संग्रह हे सर्व समजावून सांगू लागलो. तिने मध्येच विचारले, "आता तिनं खरंच बोलावलं, तर मी काय समजायचं?"

 दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती परत गेली. तपासणी अर्धी टाकून गेल्याबद्दल कारखान्याने तिला लेखी समज दिली, हे मला आईकडून कळले. मी वाण मागे घेण्याचा अर्ज केला, तेव्हा पाध्ये म्हणाले, "शेवाळे, पेरलेलं बी परत मागतात का कुठं?"

त्यानंतर दोन वर्षे हेमा माझ्याशी बोलली नाही.

त्या सुमारास 'गाळणी' बाजारात आली. आमच्यासारख्या कंपन्यांवर लोकांनी काढलेला तो तोडगा होता. येणाऱ्या प्रत्येक संदेशाची पहिली ओळ मालकाच्या आधी गाळणी वाचते, तिचा अडकणांक काढते, आणि तो ठरविलेल्या मर्यादेहून अधिक असेल तर संदेश परस्पर बाजूला टाकते. फोनचेही तसेच. हुबेहूब आवाज काढणारी यंत्रे घरोघरी फोन करू लागल्यापासून गाळणी बोलणाऱ्याचे पहिले वाक्य ऐकते, आवाजाची लय साठवलेल्या लयीशी ताडून पाहते, आणि मगच घंटी वाजू देते. बहुतेक लोक मर्यादा चाळीसवर ठेवीत. हेमाने ती दहावर ठेवली होती. दर रविवारी सकाळी दहाला ती स्वतः आईला फोन करी. उलट फोन करण्याचा प्रघात उरला नव्हता.

अशी स्थिती असता, एका सोमवारी सकाळी आईने चमच्याला 'पोस्टमन' म्हटले.

ती आपल्याच चुकीवर हसली. मीही हसलो. नंतर तिने पातेल्याला 'दसरा' म्हटले, तेव्हा हसणे थांबले. दुपारी आम्ही मिरजेच्या एका रुग्णालयात होतो. मेंदूचे चित्र काढल्यावर डॉक्टर मुजावर बाईंनी मला आत बोलावले. मेंदूच्या डाव्या बाजूस, बोलणे जेथून उपजते त्या भागाला लागून, गाठ होती आणि भोवती सूज वाढत होती. गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया करावीच लागेल, त्यापुढे थांबता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. जिवाला धोका फारसा नव्हता. परंतु गाठ काढताना तो भाग दुखावला जाणे अटळ होते. शस्त्रक्रियेनंतर वाचा परत येईल का, या माझ्या प्रश्नावर त्या सरळ म्हणाल्या, "कदाचित कधीच नाही. काही बोलायचं राहिलं असेल तर बुधवारपर्यंत बोलून घेऊ द्या."

मी हे आईला जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले, खिडकीबाहेर पाहिले, आणि प्रत्येक शब्द चाचपडत म्हणाली, "हेमीशी बोलायचंय मला. तोंडानं."

तिरुपूरहून मिरजेस यावयास जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणजे हेमाने मंगळवारी निघणे आवश्यक होते.

माझ्या आवाजाची लय हेमाच्या गाळणीत साठवलेलीच नव्हती, म्हणून प्रथम मी आईच्याच मोबाइलवरून फोन लावून तो तिच्या कानी दिला. गाळणीने विचारले, कोण बोलत आहे. आई म्हणाली, "मी यशोदा, हेमाचा... हेमाचा डबा." एवढ्यावर गाळणीने फोन तोडला. तिच्या लेखी हा आवाज यशोदा शेवाळे यांचा नव्हता. नक्कल होती, आणि तीही वाईट. दोनदा तसेच झाले. तिसऱ्यांदा आईने मोबाइल उशीखाली सारला. कारखान्याच्या फोनवर एक यंत्र उत्तर देत असे. त्याने निरोपाचे कारण एका वाक्यात विचारले, आणि माझे वाक्य ऐकून, 'प्रलोभनात्मक संदेश स्वीकारले जात नाहीत' असे सांगितले. ते वाक्य होते, 'तिची आई अत्यवस्थ आहे.'

मग मी रुग्णालयाच्या बाकावर बसून, अकरा वर्षे जे काम केले तेच करू लागलो. कसोटी उघडली. 'आईची वाचा गुरुवारी जाणार आहे' या ओळीस चौऱ्याण्णव आले. 'हेमा, मी दादा, हे खरे आहे' यास अठ्ठ्याऐंशी. 'खरे आहे' या शब्दांचा आमच्या शाखेनेच त्या वर्षी भरमसाट वापर केला होता. 'आई आजारी' केवळ दोन शब्द, तरी नव्व्याण्णवला टेकले. मी खरे ते जितके साधे सांगावे, तितका अंक चढत होता. उलट 'होजिअरी धाग्याच्या दर्जाविषयी परिपत्रक' या ओळीस सात मिळाले. ही ओळ गाळणीतून सुखरूप जाईल आणि हेमा कामाचे समजून ती उघडीलही, हे मला तत्काळ उमगले.

मी ती ओळ आईला वाचून दाखविली आणि खाली खरी बातमी लिहितो, असे म्हणालो.

आईने मान हलविली. "नको," ती म्हणाली. "पुन्हा गादी नको."

पुढे तिला एक शब्द हवा होता आणि तो सापडत नव्हता. तिने हवेत एक लहान चौकोन काढला. मी म्हटले, पाकीट? फोटो? चौथ्या खेपेस तिला तो गवसला. "कार्ड," ती म्हणाली. "कार्ड लिही."

येथे जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हेमा साताऱ्याच्या वसतिगृहात शिकत असता तेथे मोबाइल बाळगण्यास मनाई होती. आई दर आठवड्यास तिला पोस्टकार्ड लिही. वर श्री. मग, 'चि. हेमा हिस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. पत्रास कारण की,' आणि त्यापुढे काय असेल ते: कोंबडीची पिले, माझ्या पाट्या, वडिलांचा खोकला. मी एकदा म्हणालो होतो की, ही सुरुवात रटाळ आहे, पोरगी कंटाळेल. आई म्हणाली होती, "वाचणाऱ्याचा जीव आधी जाग्यावर आला पाहिजे. मग काय सांगायचं ते सांगावं." आणि तिने आम्हा दोघांस हेही शिकविले होते की, ज्या पत्रावर श्री नाही आणि ज्यात क्षेम नाही, ते पुढे वाचीत बसू नये, निघावे. आजी गेली तेव्हा हेमास तसेच कार्ड गेले होते, आणि वसतिगृहाच्या बाईंनी ते पुरते वाचण्याच्या आत तिची पिशवी भरून झाली होती.

मी मोबाइलवर लिहू लागलो. हाताला वळण होते, त्यामुळे 'इकडील सर्व क्षेम' हे आपोआप लिहिले गेले. वाचून दाखविताच आईने हात पुढे केला, त्या तीन शब्दांवर बोट टेकविले आणि पाटी पुसावी तसे पुसले. मग वर श्रीच्या जागी. तेही मी काढले. राहिले ते असे:

'चि. हेमा हिस आईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, गुरुवारी मिरजेस माझ्या डोक्याचे ऑपरेशन ठरले आहे. जीव राहील. बोलणे राहणार नाही. त्याआधी तुझ्याशी बोलावे अशी इच्छा आहे. लिहिणार दिगंबर.'

आता ती पहिली ओळ तपासावयाची होती. माझा अंगठा सवयीने कसोटीकडे गेला. अंक दहाच्या आत असेल, असा तर्क होता. अशा ओळीने या काळात कोणाची बाहुली रुंदावली असण्याचा संभव नव्हता. परंतु तर्क म्हणजे अंक नव्हे. 'आई' हा शब्द तीत होता आणि या शब्दाचे मोल मी जाणून होतो. अंक अकरा असेल, तर पत्र गाळणीत पडणार, आणि ते पडल्याचे मला कधीच कळणार नव्हते. तपासले असते तर एखादा शब्द इकडचा तिकडे करून ते खात्रीने धाडता आले असते.

आणि तपासले असते तर ओळ संग्रहात गेली असती. पंधरा दिवसांत कोणा घरी श्री नसलेले, क्षेम नसलेले एक पत्र गेले असते, ते वाचून कोणी पिशवी भरली असती, आणि पत्राच्या तळाशी गाद्या निघाल्या असत्या. घरात आता एवढीच एक खूण उरली होती.

आई माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. तिला कसोटी ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "टाक पेटीत."

मी पत्र न तपासता पाठविले.

मंगळवारी उत्तर आले नाही. गाळणी पोचपावती देत नाही. मंगळवारच्या दिवसात आईने माझे नाव, विट्याचे नाव आणि पाण्याला पाणी म्हणणे गमावले. ती डोळ्यांनी तांब्या दाखवी. सायंकाळी पाचला तिरुपूरहून निघणाऱ्या शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ टळली, तेव्हा मी ते तिला सांगितले नाही, पण भिंतीवरचे घड्याळ तिलाही दिसत होते. बुधवारी सकाळी डॉक्टर मुजावर बाई कागदांवर सही घेण्यास आल्या. बहीण आली का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. आईने डोळे मिटून घेतले. झोप नव्हती ती.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास हेमा दारात आली. अंगात एप्रन, गळ्यात भिंग, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. ती माझ्याशी बोलली, पण नजर खाटेकडे होती.

"क्षेम नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," मी म्हणालो. "पुढचं वाचलंस का?"

"गाडीत बसल्यावर."

ती उंबऱ्यातच थांबली होती. आईचे मुंडण केलेले डोके पाहून तिचा पाय पुढे पडत नव्हता. आईने डोळे उघडले. तिने हेमाकडे पाहिले, ओठ हलविले, आणि ज्या मुखातून आदल्या दिवसापासून एकही शब्द धड आला नव्हता, त्यातून अखंड वाक्य आले.

"हातातलं टाक आणि ये."

हेमाने पिशवी जमिनीवर ठेवली, बाटली ठेवली, आणि गेली.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. डॉक्टर मुजावर बाईंना हा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांस आश्चर्य वाटले नाही. जे वाक्य मनुष्य जन्मभर एकाच सुरात बोलत आला, ते मेंदू शब्द जुळवून बोलत नाही, सबंध उचलून देतो. म्हणून बाकी सर्व गेल्यावरही ते काही काळ टिकते, असे त्यांनी सांगितले. हे शास्त्र मला ठाऊक नव्हते. त्या दोघी दीड तास आत होत्या. काय बोलल्या, किती शब्द नीट आले, हे मी विचारले नाही आणि मला सांगण्यात आले नाही.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. गाठ निघाली. वाचा गेली. आई चालते, ओळखते, हसते, तांदूळ निवडते. बोलण्याचे शिक्षण देणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. अद्याप दोन स्वर आले आहेत.

मी 'आद्याक्षर'मध्येच आहे. मला दुसरे काम येत नाही. घरातील वाक्ये मात्र आता देत नाही, त्यामुळे माझे वाण साठीच्या वर जात नाही. पाध्ये विचारतात, जमीन नापीक झाली का शेवाळे. मी होय म्हणतो.

हेमा पंधरा दिवस राहून परतली. त्या मुक्कामात माझ्याशी ती कामापुरतेच बोलली: औषधाची वेळ, गरम पाणी, रिक्षा. जाताना तिने दारातून आईला हात केला, मला नाही. पुढच्या रविवारी सकाळी दहाला आईचा मोबाइल वाजला. आईने तो हाती घेतला, कानाला लावला, थोडा वेळ तिकडचा श्वास ऐकला, आणि माझ्यापुढे धरला.

फोनवर पहिले वाक्य महत्त्वाचे असते. मी आदल्या दिवशी सात-आठ ओळी मनाशी योजून ठेविल्या होत्या; माझ्या चुकीविषयी दोन, आईच्या प्रकृतीविषयी तीन, बाकी नुसत्याच चांगल्या. त्यांपैकी एकही तपासलेली नव्हती. आई ओट्यावर ताट घेऊन बसली होती. ताप नव्हता. रात्री झोप झाली होती. तिने सकाळी भाकरी खाल्ली होती. मी हे सर्व एकदा मनाशी पडताळून पाहिले.

"इकडील सर्व क्षेम," मी म्हणालो.

 हेमा म्हणाली, "बरं. पुढं सांग."